मराठवाड्यात ताजे अंजीर: कधी घ्यावे आणि कसे खावे

महाशिवरात्रीच्या सुमारास छत्रपती संभाजीनगरहून वेरूळच्या वाटेला लागले की दौलताबादच्या आसपास रस्त्याच्या कडेला फळांच्या पाट्या दिसू लागतात. पेरू तेथे वर्षातले बरेच महिने असतातच. पण त्यांच्या शेजारी अंजिराचीच हिरवी, खरखरीत पाने अंथरून त्यांवर जांभळट-तपकिरी फळे ओळीने मांडलेली दिसली, म्हणजे आपल्याकडे ताजे अंजीर खाण्याचे दिवस आले असे समजावे. हे दिवस थोडे असतात. बाजारात अंजीर मे महिन्यापर्यंत दिसत राहते हे खरे; परंतु दिसणारे अंजीर आणि खाण्याजोगे अंजीर यांत मराठवाड्याच्या उन्हामुळे पुष्कळ अंतर पडते, आणि ते ध्यानात न घेता भलत्या वेळी भलते फळ घेतल्यामुळेच ‘अंजीर सुकेच बरे, ताज्याला काही चव नसते’ असे म्हणणारी माणसे घरोघर भेटतात.

महाराष्ट्रात अंजिराचे वर्षाला दोन बहार धरतात, आणि शेतकऱ्यांनी त्यांना दिलेली नावे इतकी बोलकी आहेत की ग्राहकाने तेवढी लक्षात ठेवली तरी निम्मे काम होते. पावसाळ्याच्या तोंडावर, मे-जूनमध्ये छाटणी करून जो धरतात तो खट्टा बहार, आणि पाऊस सरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छाटणी करून जो धरतात तो मीठा बहार. अंजिराला फळ येते ते मुख्यतः नव्या फुटीवर, म्हणून छाटणीवाचून बहार नाही. आणि छाटणीपासून फळ तोडणीला येईपर्यंत साधारण चार ते साडेचार महिने जातात. या हिशेबाने खट्ट्याची फळे दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन जानेवारीपर्यंत चालतात, तर मीठ्याची फळे फेब्रुवारीत सुरू होऊन मेपर्यंत येत राहतात. खट्ट्याचे फळ पावसात आणि ढगाळ हवेत वाढते, थंडीत पिकते. त्यात पाणी अधिक आणि गोडी कमी. मीठ्याचे फळ कोरड्या हवेत, चढत्या उन्हात पिकते आणि नावाला जागते. दिवाळीत घेतलेले अंजीर पाणचट निघाले म्हणून विक्रेत्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. तो त्या बहाराचा स्वभावच आहे. ते फळ शिजवण्याच्या कामी लावावे आणि नुसते खाण्यासाठी फेब्रुवारीची वाट पाहावी.

आपल्या बाजारात येणारे बहुतेक अंजीर पुणे जिल्ह्यातले असते. पुरंदर तालुक्यातील सासवड-दिवे या भागाचे अंजीर प्रसिद्ध असून ‘पुरंदर अंजीर’ या नावाने २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. तेथून छत्रपती संभाजीनगर सुमारे अडीचशे किलोमीटर पडते आणि नांदेड तर साडेचारशेच्या घरात जाते, ही गोष्ट पुढच्या सगळ्या विवेचनात मनात ठेवावी लागेल. घरचे म्हणावे असे अंजीर आपल्याकडे दौलताबाद-खुलताबाद पट्ट्यातले. पुण्याच्या अंजिराचा जसा स्वतंत्र वाण मानतात तसा दौलताबादचाही मानतात, आणि त्याच्यातून निवडीने काढलेला ‘दिनकर’ हा वाण फळशास्त्राच्या पुस्तकांत नोंदलेला आहे. हे फळ थोडे असते. त्यामुळे लातूर-परभणीच्या मंडईत ‘दौलताबादचे’ म्हणून दिलेल्या प्रत्येक फळावर विश्वास ठेवू नये. मात्र वेरूळ-खुलताबादकडे जाणे होणारच असेल, तर सकाळच्या वेळी त्या रस्त्यावर थांबून घेतलेले फळ शहरातल्या कोणत्याही दुकानातल्या फळापेक्षा सरस निघते. येथे गुण वाणाचा कमी आणि अंतराचा जास्त असतो.

माझ्या मते मराठवाड्यात ताजे अंजीर खाण्याचा खरा काळ फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंतचा आहे. बहाराच्या दृष्टीने एप्रिलचे फळ अधिक गोड असायला हवे, आणि सासवडच्या बागेत उभे राहून खाल्ले तर ते असतेही. पण त्या महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, रात्रभर गाडीत आणि दिवसभर हातगाडीवर राहिलेले फळ आतल्या आत आंबू लागते, आणि दुपारी घेतलेले अंजीर संध्याकाळी उघडले तर गोडाऐवजी आंबूस वास नाकात जातो. एप्रिल-मेमध्ये घ्यायचेच असेल तर सकाळी, गाडी उतरल्या उतरल्या, आणि त्याच दिवशी संपतील तेवढेच घ्यावे.

या घाईचे कारण फळातच आहे. आंबा आढीत घालता येतो, चिकू तांदळात पुरता येतो. बालाघाटच्या डोंगरातले सीताफळ डोळे उघडले की उतरवून घरात ठेवले तर दोन-चार दिवसांत आपले आपण मऊ होते. बीड-धारूरकडच्या माणसाच्या हाताला हीच सवय असते, म्हणून तो अंजीरही जरा कडक बघून घेतो आणि दोन दिवस ठेवून देतो. अंजिराच्या बाबतीत ही युक्ती लागू पडत नाही. झाडावरून कच्चे उतरवलेले अंजीर फार तर थोडे मऊ पडते. त्यात गोडी भरत नाही. जी काही साखर यायची ती शेवटच्या थोड्या दिवसांत, देठ फांदीला असतानाच येते. आणि पूर्ण पिकलेले अंजीर तोडले, तर ते साध्या हवेत दुसरा दिवस धडपणे पाहत नाही. म्हणून लांबच्या बाजाराला पाठवणारा शेतकरी ते पाडाला लागताच थोडे आधी तोडतो. त्यात त्याची लबाडी नाही, त्याचा नाइलाज आहे. पण पाटीतून नेमके कोणते फळ उचलायचे हे त्यामुळे ग्राहकाला कळले पाहिजे.

पारख अशी करावी. फळ चिमटीत न धरता तळहातावर घ्यावे, कारण चिमटीने साल फाटते आणि विक्रेताही रागावतो. आकाराच्या मानाने ते जड लागले पाहिजे. मग देठाकडची मान पाहावी. पिकलेल्या अंजिराची मान सुकून थोडी वाकलेली असते. कच्च्या फळाची मान ताठ आणि हिरवी असते, आणि देठाच्या टोकाशी पांढऱ्या चिकाचा ओला किंवा वाळलेला थेंब दिसतो. जितका चीक जास्त, तितके फळ कच्चे. त्यानंतर देठाच्या विरुद्ध टोकाचा डोळा पाहावा. तो किंचित उघडलेला असून त्यात मधासारखा चिकट थेंब चमकत असेल, तर ते फळ निःशंकपणे घ्यावे आणि शक्य तर तेथेच खावे. मात्र तोच थेंब पातळ असून त्याला फेस आला असेल आणि आजूबाजूला चिलटे घोंगावत असतील, तर फळ आंबले आहे. सालीवर उभ्या, बारीक, पांढुरक्या रेघा फाटल्यासारख्या दिसतात, त्यांना पाहून पुष्कळ जण फळ परत ठेवतात. वस्तुतः त्या रेघा साल आतल्या गराला अपुरी पडू लागल्याच्या, म्हणजे पिकल्याच्याच असतात. चिरून गर बाहेर आला असेल तरच ते टाळावे. रंगावर मात्र फार भिस्त ठेवू नये. कोवळे हिरवे अंजीर घेऊ नये हे उघडच आहे. पण उन्हाच्या बाजूला असलेले फळ कच्चेपणीही जांभळट दिसू शकते आणि पानाआड पिकलेल्या फळावर हिरवी झाक राहू शकते. बोटांना फळ पिकलेल्या केळ्याइतके मऊ नको आणि कच्च्या पेरूइतके घट्टही नको. हलका दाब देताच ते किंचित आत जावे आणि सोडताच जागेवर यावे.

प्लॅस्टिकच्या बंद डब्यांतून मिळणाऱ्या अंजिरांत वरची ओळ देखणी आणि खालची चिकाने माखलेली असण्याचा अनुभव मी अनेकदा घेतला आहे. डबा उलटा करून तळ पाहू देत नसतील, तर तो घेऊ नये.

किती घ्यावे, याचा धडा मला एका प्रवासाने दिला. मार्चमध्ये पुण्याहून परतताना सासवडच्या रस्त्यावर उत्तम पिकलेले अंजीर मिळाले म्हणून हावरटपणाने तीन किलो घेतले, ते एकावर एक रचून झाकणाच्या डब्यात भरले आणि रात्रीच्या बसने घरी निघालो. सकाळी डबा उघडला तेव्हा खालच्या थरातील फळांचा लगदा झाला होता, मधल्या थराला ताडीसारखा वास येत होता आणि वरची आठ-दहा फळेच काय ती धड होती. तेव्हापासून माणशी दोन-तीन याहून अधिक अंजीर मी एका वेळी घेत नाही. लांबून आणायचेच असतील, तर जरा घट्ट फळे निवडावीत, पुठ्ठ्याच्या उथळ खोक्यात अंजिराची पाने किंवा कागद अंथरून ती एकाच थरात देठ वर करून मांडावीत, आणि झाकण पक्के लावू नये.

घरी आणल्यावर ती ताबडतोब धुऊ नयेत. ओल डोळ्यातून आत शिरते आणि फळ लवकर बिघडते. पसरट ताटात कोरडे कापड घालून त्यावर एकमेकांना न टेकतील अशी मांडून फ्रीजमध्ये ठेवली, तर ती दोन दिवस, क्वचित तीन दिवस, चांगली राहतात. थंडगार अंजिराची चव मुकी असते, म्हणून खाण्यापूर्वी अर्धा तास बाहेर काढावीत आणि खाण्याच्या वेळीच हलक्या हाताने धुवावीत.

आता खाणे. साल काढण्याची गरज नाही. ती पातळ असते आणि थोड्याशा तुरटपणाने गराची गोडी सावरते. देठ मात्र काढून टाकावे, कारण चीक तेथेच असतो आणि तो जिभेला व ओठांना झोंबतो. देठाकडून दोन्ही अंगठ्यांनी फळ हळूच फाकवले की आतला गुलाबी-तांबूस, बारीक दाण्यांचा गर उलगडतो. हे दाणे दिसायला नुसती बी वाटतात, पण खरे तर हा सगळा गर अंजिराच्या फुलांचाच झालेला असतो. वड, पिंपळ आणि उंबर यांच्या कुळातले हे झाड असल्यामुळे याचीही फुले फळाच्या पोटात असतात; ‘उंबराचे फूल’ दिसणे दुर्मीळ म्हणतात त्याचे कारण हेच. ‘उंबर फोडून केंबरे (म्हणजे आतली चिलटे) काढू नयेत’ ही म्हण माहीत असलेली माणसे मग अंजिराविषयीही तीच शंका घेतात, आणि उपवासाला किंवा जैन घरांत ते चालेल का असे विचारतात. परदेशांतील स्मर्ना प्रकारच्या अंजिरांना फळधारणेसाठी एक बारीक गांधीलमाशी आत शिरावी लागते, हे खरे आहे. आपल्याकडच्या पुणे अंजिराला तिची गरज नसते. परागीकरणावाचूनच फळ वाढते, म्हणून त्याच्या बियाही पोकळ असतात. अति पिकलेल्या फळाच्या उघड्या डोळ्यातून मुंगी किंवा अळी शिरणे शक्य असते, तेव्हा फाकवून, पाहून मगच तोंडात टाकण्याची सवय केव्हाही चांगली. शिवरात्रीच्या उपवासाला वेरूळ, औंढा नागनाथ किंवा परळी येथे निघालेल्यांनी साबुदाण्याच्या जोडीला चार अंजीर सोबत घ्यावीत. दुपारपर्यंत पोटाला आधार राहतो.

उत्तम फळाला जोड लागत नाही. थोडे पाणचट निघाले तर त्यावर लिंबाचे चार थेंब आणि चिमूटभर सैंधव टाकावे. गोडी वर येते. भाजलेल्या शेंगदाण्यांबरोबर अंजीर फार चांगले लागते. घट्ट चक्क्यात बारीक चिरून घातले तर साखर निम्मी पुरते. ज्वारीच्या भाकरीशी मात्र त्याचे सूत जमत नाही, असे माझे मत आहे. दोघांनाही आपापली चव राखता येत नाही.

दुधाच्या बाबतीत सावध असावे. अंजिराच्या चिकात प्रथिने विरघळवणारा पाचक घटक असतो, आणि त्यानेच कच्च्या अंजिराचा अंश पडलेले दूध फाटते किंवा काही वेळाने कडवट लागते. म्हणून मिल्कशेक करायचा असेल तर पूर्ण पिकलेलीच फळे देठाकडचा भाग सढळ हाताने कापून वापरावीत आणि केल्याबरोबर प्यावा. फळ आधी शिजवून घेतले तर हा त्रास राहत नाही, आणि याच तत्त्वावर आमच्या घरी खव्यातले अंजीर करतात. त्यासाठी भूम-कुंथलगिरी भागातला दाणेदार खवा पाव किलो घ्यावा. आठ पिकलेली अंजिरे, म्हणजे साधारण तीनशे ग्रॅम, देठे काढून चिरावीत आणि जाड बुडाच्या स्टीलच्या कढईत पाणी न घालता मंद आचेवर ठेवावीत. प्रथम त्यांना पाणी सुटते, मग ते आटू लागते, आणि पंधरा-वीस मिनिटांनी कालथ्याने ओढलेली रेघ कढईच्या तळाशी क्षणभर तशीच राहते. तेव्हा दोन मोठे चमचे साखर घालून पुन्हा घट्ट करावे. खवा वेगळ्या भांड्यात कडेने तूप सुटेपर्यंत परतावा आणि मगच दोन्ही एकत्र करावीत. उलट क्रमाने, खव्यात कच्चे अंजीर ढकलून, वेळ वाचवण्याचा मोह टाळावा. खवा पाणी पितो आणि वडी कधीच बसत नाही. तूप लावलेल्या ताटात थापून वरून खसखस भुरभुरावी. फ्रीजमध्ये या वड्या चार दिवस राहतात.

खट्टा बहाराची किंवा घाईने घेतलेली बेचव फळे मुरंब्यासाठी योग्य असतात. एक किलो चिरलेल्या अंजिरांना चारशे ग्रॅम साखर चोळून दोन तास ठेवावी, सुटलेल्या रसातच ती शिजवावीत आणि घट्ट होत आली की दोन लिंबांचा रस घालावा. लिंबू येथे केवळ चवीसाठी नाही. अंजिरात आंबटपणा फार कमी असल्याने त्याच्याशिवाय मुरंबा नीट जमतही नाही आणि टिकतही नाही. थंड बशीवर टाकलेला थेंब ओघळला नाही म्हणजे तो झाला. कोरड्या बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेवावा. तिखट धपाट्यांबरोबर तो खाऊन पाहावा.

हंगाम नसताना सुके अंजीर आहेच. आपल्या बाजारातील बहुतेक सुके अंजीर अफगाणिस्तानातून येते, आणि छत्रपती संभाजीनगरातील शहागंजच्या सुक्या मेव्याच्या दुकानांत चपटी केलेली फळे सुतळीत ओवून त्यांच्या माळा टांगलेल्या दिसतात. अलीकडे रमजान फेब्रुवारी-मार्चात येत असल्याने इफ्तारच्या ताटात खजुराशेजारी सुके आणि ताजे अंजीर एकत्र दिसण्याचा योग येतो. माळेतून घेताना फळ वाकवून पाहावे. ते लवचीक असावे, दगडासारखे नसावे. वरची पांढरी पूड बहुधा फळातूनच वर आलेली साखर असते. ती चोळली की बोटाला दाणेदार लागते, तर बुरशी कापसासारखी लागते आणि कुबट वास देते. सुके अंजीरही उघडून पाहिल्यावाचून खाऊ नये, कारण साठवणीतली अळी बाहेरून कळत नाही. दोन-तीन फळे धुऊन अर्धी वाटी पाण्यात रात्री भिजत घालावीत आणि सकाळी त्या पाण्यासह खावीत. पोट साफ होण्यासाठी याचा उपयोग होतो, तो त्यातील चोथ्यामुळे. परंतु शंभर ग्रॅम ताज्या अंजिरात साधारण १६ ग्रॅम साखर असते, तर तेवढ्याच सुक्यात ४८ ग्रॅमच्या आसपास असते. मधुमेह असलेल्यांनी ‘फळच तर आहे’ म्हणून मूठभर सुके अंजीर खाणे योग्य नव्हे.

ज्यांच्याकडे अंगण आहे त्यांनी एक झाड लावावे. प्रवासाचा प्रश्नच मिटतो. बी लावण्यात अर्थ नाही. छाटणीच्या वेळी कुणाकडून तरी अंगठ्याएवढ्या जाडीची, वीतभर लांब, पक्क्या लाकडाची काडी आणावी आणि दोन-तृतीयांश मातीत जाईल अशी लावावी. आपली काळी माती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि अंजिराच्या मुळांना ते सोसत नाही, तेव्हा खड्ड्यात मुरूम मिसळावा किंवा उंचवटा करून त्यावर झाड लावावे. पावसाळी हवेत पानांच्या मागे विटकरी पूड दिसली तर तो तांबेरा. अशी पाने गोळा करून जाळून टाकावीत. फळे भरत असताना पाणी एक दिवस भरपूर आणि आठ दिवस मुळीच नाही असे करू नये, त्याने फळे चिरतात. छाटणी करताना बाह्यांचा सदरा घालावा, कारण अंजिराचा चीक अंगाला लागून त्यावर ऊन पडले की कातडीवर भाजल्यासारखे डाग उठतात. फळाची मान वाकू लागली की बुलबुल आपल्याआधी येतो. त्याच दिवशी जुन्या धोतराच्या तुकड्याची सैल पिशवी करून फळावर बांधावी, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी, ऊन चढण्यापूर्वी, ते देठासकट उतरवावे.